सोयाबीनमागचा हरभरा, मर रोग आणि ट्रायकोडर्मा: दोन एकरांचं प्रकरण

मराठवाड्यातलं दोन एकर खोल काळं रान. खरिपात सोयाबीन, त्यामागे हरभरा, ही फेरी सात-आठ वर्षं न चुकता चाललेली. विहिरीला दोन पाणी देण्यापुरतं पाणी आणि तुषार संच आहे. पहिली काही वर्षं हरभरा चांगला आला. मग पेरणीनंतर तीनेक आठवड्यांनी कुठे कुठे रोपं माना टाकू लागली. पुढच्या हंगामात त्याच जागी ठिगळं पडली, त्यानंतर ती रुंदावत गेली. गेल्या हंगामात शेजाऱ्याच्या आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी बुरशी भुकटीच्या रूपात, वापरला, तरी हरभरा उधळलाच. आता शेतकऱ्याचं ठाम मत असं की ही पांढरी भुकटी म्हणजे खडूची पूड आहे.

हे रान एका माणसाचं नाही. सोयाबीन-हरभरा पट्ट्यात बांधोबांधी दिसणारी परिस्थिती एका दोन एकरांत आणून मांडली आहे, म्हणजे मात्रा आणि हिशेब ठोस आकड्यांत करता येतात. प्रश्न एवढाच, की ट्रायकोडर्मा चालला का नाही, आणि चालायचा असेल तर या दोन एकरांत नेमकं काय करावं लागेल.

आधी मेलेलं रोप उपटा

शेतकऱ्याच्या भाषेत सगळं ‘मर’. रानात मात्र तीन वेगळ्या बुरशा असू शकतात, आणि ट्रायकोडर्माची तिघींपुढची ताकद सारखी नाही. म्हणून निदान हे पहिलं काम. त्यासाठी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. खुरपं, धारदार चाकू आणि दहा-पंधरा रोपं पुरतात. रोप ओढून काढायचं नाही, खुरप्याने मुळासकट खणून काढायचं. ओढलं की बारीक मुळं तुटतात आणि खूण हरवते.

खरी मर फ्युजारियम ऑक्सिस्पोरम या बुरशीच्या हरभऱ्यावरच जगणाऱ्या प्रकारामुळे येते. कोवळं रोप हिरवं असतानाच लोळतं. मोठ्या झाडाची देठं आणि पानं आधी माना टाकतात, मग पिवळी पडतात. मूळ बाहेरून बऱ्यापैकी ठाकठीक दिसतं, कुजलेलं नसतं. जमिनीलगतच्या खोडाला आणि मुळाला उभा छेद दिला, की आत मधोमध तपकिरी ते काळपट रेघ दिसते. पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे चोंदलेल्या असतात.

मानकुज हे काम स्क्लेरोशियम रॉल्फसी करते. पेरणीनंतर पहिल्या दीड महिन्यात, ओल जास्त असताना आणि वर न कुजलेला काडीकचरा पडलेला असताना ती येते. रोप पिवळं पडतं, जमिनीलगतची मान आवळल्यासारखी बारीक होते. तिथे पांढरी बुरशी आणि कधी मोहरीच्या दाण्यांसारख्या तपकिरी गाठी दिसतात. छेद दिला तर आतली काळी रेघ नसते.

कोरडी मूळकुज उशिरा, फुलोऱ्यात किंवा घाटे भरताना येते. तिची बुरशी रायझोक्टोनिया बटाटीकोला. ऊन ३० अंशांच्या वर चढलं आणि जमिनीतली ओल तुटली की हिचं फावतं. झाड गवती रंगाचं होऊन उभंच वाळतं. उपटताना सोटमूळ तुटून खालचा भाग जमिनीत राहतो. बारीक मुळं गळून गेलेली असतात, आणि मूळ नखाने कोरलं की ठिसूळ, काळपट लागतं.

याखेरीज मान कुरतडणारी अळी असते, आणि पाणी साचून पिवळी पडलेली रोपंही असतात. तीही गर्दीत ‘मर’ म्हणूनच मोजली जातात.

आपल्या दोन एकरांत तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात मेलेल्या रोपांत दोन प्रकार मिसळलेले निघाले असं धरू. उंचवट्यावरच्या ठिगळांत काळी रेघ, म्हणजे फ्युजारियम. मळणी यंत्र जिथे उभं होतं आणि सोयाबीनचं कुटार पसरलं होतं, त्या कोपऱ्यात आवळलेल्या माना आणि पांढरी बुरशी. हा दुसरा कोपरा पाहिला असता, तर गेल्या वर्षीचं निम्मं कोडं तिथेच सुटलं असतं. मळणीचं काड रानाबाहेर काढलं असतं, तर तिथली बरीच रोपं कुठल्याही औषधाशिवाय वाचली असती.

बुरशी बुरशीला कशी रोखते, आणि कुठे थकते

ट्रायकोडर्मा ही जमिनीत मुळातच असणारी, झपाट्याने वाढणारी हिरवट बुरशी. १९३२ साली वाइंडलिंग यांनी ती रायझोक्टोनियाच्या धाग्यांवर कशी परजीवी म्हणून जगते त्याचं वर्णन केलं, तेव्हापासून तिचा रोगनियंत्रणासाठी अभ्यास होत आला आहे. ती शत्रूच्या धाग्याला वेढते, कायटिनेज आणि ग्लुकॅनेज ही विकरं सोडून त्याची भिंत विरघळवते. काही द्रव्यंही सोडते, त्यांतल्या एकाला नारळासारखा वास येतो. शिवाय मुळाच्या कातडीत थोडी शिरून झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करते. हे सगळं खरं आहे. पण हरभऱ्याच्या मरीत तिचं सगळ्यात मोठं काम साधं आहे: जागा आणि अन्न आधी बळकावणं.

फ्युजारियम जमिनीत जाड भिंतीच्या बीजाणूंच्या रूपात झोपलेली असते आणि पीक नसतानाही सहा वर्षांपर्यंत टिकू शकते. हरभऱ्याचं मूळ वाढू लागलं की त्यातून साखर, आम्लं पाझरतात. त्या पाझराने मुळापासून काही मिलिमीटरवरचे बीजाणू जागे होतात आणि मुळाकडे वाढतात. एकदा का बुरशी आतल्या नळ्यांत शिरली, की बाहेरची ट्रायकोडर्मा तिचं काही करू शकत नाही. तेव्हा लढाई मुळाच्या पृष्ठभागावर आणि बी रुजल्यापासूनच्या पहिल्या दिवसांतच होते. रोपं लोळल्यावर केलेल्या आळवणीतून, म्हणजे मुळाशी औषध ओतण्यातून, ती रोपं का उठत नाहीत, याचं उत्तर इथे आहे.

मानकुजीत परिस्थिती बरी. तिच्या मोहरीसारख्या गाठी जमिनीच्या वरच्या थरात, हवेशीर जागी असतात, आणि ट्रायकोडर्मा त्या गाठींवर थेट तुटून पडू शकते. कोरड्या मूळकुजीत मात्र अपेक्षा कमीच ठेवावी. ती ज्या उष्ण, कोरड्या जमिनीत बळावते तिथे ट्रायकोडर्माही सुस्तावते. तिची पसंती साधारण २५ ते ३० अंश आणि ओल. फेब्रुवारीच्या उन्हात भेगाळलेल्या काळ्या रानात तिच्याकडून चमत्कार मागू नये. तिथे घाटे भरतानाचं एक पाणी जास्त कामाचं.

अजून एक अडचण आपल्या काळ्या जमिनीचीच. ट्रायकोडर्माला किंचित आम्ल जमीन मानवते. मराठवाड्यातल्या चुनखडीयुक्त रानांचा सामू (पीएच) बहुधा आठच्या आसपास, आणि सेंद्रिय कर्ब कमी. अशा जमिनीत नुसती भुकटी टाकली तर बुरशी मरत नाही, पण वाढतही नाही. तिला सोबत शिदोरी द्यावी लागते.

मागच्या हंगामात काय झालं

दुकानातून दोन किलो ट्रायकोडर्मा आणला. पाकीट उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात कीटकनाशकांच्या खोक्यांशेजारी राहिलेलं होतं, आणि घेताना तारीख कोणी पाहिली नाही. बियाणं पिशवीतलं, गुलाबी रंगाचं, म्हणजे कंपनीने बुरशीनाशक आधीच लावलेलं. वर ‘खात्री’ म्हणून घरी कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशकही चोळलं. त्यावरच ट्रायकोडर्मा चोळला, बी वाळवण्यासाठी दुपारच्या उन्हात ताडपत्रीवर पसरलं. उरलेला दीड किलो डीएपी या रासायनिक खतात कालवून पेरला. महिन्याने रोपं लोळली तेव्हा दुकानातून आणखी एक पाकीट आणून आळवणी केली, आणि चार दिवसांनी पुन्हा कार्बेन्डाझिम ओतलं.

यातली प्रत्येक चूक सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. कार्बेन्डाझिम मात्र किरकोळ नाही. ट्रायकोडर्मा त्या गटाच्या बुरशीनाशकाला फार संवेदनशील आहे, इतकी की बियाण्यावर दोन्ही एकत्र लावणं म्हणजे आपणच विकत घेतलेली बुरशी आपणच मारणं. डीएपीच्या दाण्यांतून ओल लागताच क्षार आणि अमोनिया सुटतो, त्यात बीजाणू तासन्‌तास पडून राहिले. उन्हाचं तर सांगायलाच नको. थोडक्यात, गेल्या वर्षी या रानात ट्रायकोडर्माची परीक्षा झालीच नाही.

पण हे सगळं टाळलं असतं तरी एक हिशेब चुकलेलाच राहिला असता.

एका किलोत किती, आणि एकरात किती

आपल्याकडे मिळणाऱ्या शंखजिऱ्यातल्या (टाल्क) भुकटीवर १ टक्का डब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात कालवायची भुकटी, आणि ग्रॅमला किमान २० लाख सीएफयू, म्हणजे वाढून वसाहत उभी करू शकतील असे जिवंत कण, असं लिहिलेलं असतं. एका किलोत झाले २०० कोटी. आकडा दांडगा वाटतो. आता एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन काढा. ४,०४६ चौरस मीटर गुणिले ०.१५ मीटर, घनमीटरला १,३०० किलो धरले तर जवळपास ८ लाख किलो, म्हणजे ८० कोटी ग्रॅम. २०० कोटी भागिले ८० कोटी. मातीच्या एका ग्रॅमला अडीच कण! रोग रोखायला ग्रॅमला हजारांत संख्या लागते. फोकून दिलेला एक किलो म्हणजे समुद्रात मीठ.

तोच किलो फोकण्याऐवजी काकरात, म्हणजे पेरणीच्या चरीत, बियाण्याजवळ गेला तर? ३० सेंटिमीटरवर पेरलं की एकरात साधारण १३,५०० मीटर लांबीचे तास, म्हणजे पिकाच्या ओळी, होतात. तासाभोवती ५ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल पट्टा धरला, तर माती उरते सुमारे ४४ हजार किलो. आता ग्रॅमला ४५ कण. सुधारणा आहे, पण पुरेशी नाही.

तोच किलो १०० किलो शेणखतात वाढवला आणि खताच्या ग्रॅममागे १० लाखांपर्यंत गेला असं धरलं, तर १०० किलोत १०,००० कोटी. ते काकरात पडले की पट्ट्यातल्या मातीच्या ग्रॅमला २,२००-२,३०० कण. आता कुठे ट्रायकोडर्माला मुळाशी बसायला माणसं मिळाली म्हणायचं. शेणखतात वाढवणं हा जोडधंदा नाही, ते खरं काम आहे, आणि पाकीट म्हणजे फक्त विरजण.

बियाण्याचा हिशेब उलट उमेद देणारा. किलोला ५ ग्रॅम म्हणजे एक कोटी कण. विजयसारख्या मध्यम दाण्याच्या वाणाच्या किलोत सहा हजारांच्या आसपास दाणे, म्हणजे दाण्याला सोळा-सतराशे कण, आणि तेही नेमके जिथून मूळ निघणार तिथे. म्हणून बीजप्रक्रिया स्वस्तातली आणि पहिली. पण ती मुळाच्या वरच्या भागाला वाचवते. मूळ खाली गेलं की तिथे बियाण्यावरची बुरशी पोचतेच असं नाही. दोन्ही उपाय एकमेकांना पूरक आहेत, त्यातला एक निवडायचा नसतो.

आता या दोन एकरांत

ढिगाची तयारी सोयाबीनची पानं पिवळी पडू लागली की, म्हणजे हरभरा पेरणीच्या तीन आठवडे आधी. हे चुकलं की पुढचं सगळं घाईत जातं, कारण काढणी-मळणीच्या धांदलीत ढीग घालायला कोणाला वेळ नसतो.

दोन एकरांना २०० किलो चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत आणि २० किलो निंबोळी पेंड. कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर शेणाचा वास न येणारं, मातीसारखं भुरभुरीत. हे झाडाखाली किंवा छपराखाली पसरून पाणी शिंपडा आणि दोन दिवस नुसतंच ठेवा. तिसऱ्या दिवशी ढिगात कोपरापर्यंत हात घाला. चटका जाणवला तर खत अजून पिकलेलं नाही, उष्णता चढते आहे. त्यात ट्रायकोडर्मा टाकलात तर उकडून जाईल. ढीग मोडून पसरा, थंड होऊ द्या, किंवा दुसरं खत घ्या.

थंड राहिलं की २ किलो ट्रायकोडर्मा आधी दहा-बारा किलो खतात नीट कालवून घ्या, मग ते सगळ्या खतात. एकदम कालवलं की भुकटी एकाच जागी गोळा होते. ओल एवढी की मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. ढीग एक मीटर रुंद, सव्वा-दीड मीटर लांब आणि फूटभर उंच. याहून उंच केला तर आत तापतो आणि हवा कोंडते. वर ओलं गोणपाट. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, बुरशीला श्वास लागतो.

दर तीन-चार दिवसांनी वर-खाली करा, गरजेप्रमाणे पाणी शिंपडा. आठवड्याभरात पांढरे धागे, पुढे जागोजागी हिरवी झाक दिसते. शेणखताच्या काळ्या रंगात हिरवं नेहमी उठून दिसतंच असं नाही, त्यामुळे नुसत्या रंगावर निकाल देऊ नका, वास घ्या. पावसानंतरच्या मातीसारखा वास चांगला. आंबूस किंवा सडका वास आला तर पाणी जास्त झालं आहे. ढीग उलगडून वारा द्या. गूळ, बेसन, ताक घालण्याची हौस पुष्कळांना असते. साखर घातली की ट्रायकोडर्माइतक्याच उत्साहाने काळ्या बुरशा आणि माश्याही जेवायला येतात. निंबोळी पेंड पुरते. पंधरा दिवसांत खत तयार, आणि पुढच्या आठवडाभरात ते जमिनीत गेलं पाहिजे. जवळपास अळिंबीचं शेड असेल तर मात्र हा ढीग तिथून लांब घाला. तुमचा मित्र तिथे हिरव्या बुरशीच्या नावाने शत्रू असतो.

पाकिटाची परीक्षा ढीग घालण्याच्या चार-पाच दिवस आधी करता येते. तांदूळ किंवा ज्वारीचे दाणे अर्धवट शिजवून, पाणी निथळून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरणीत भरा. गार झाल्यावर चिमूटभर भुकटी टाकून हलवा, तोंडाला कापूस लावून सावलीत ठेवा. चार-पाच दिवसांत आधी पांढरी, मग हिरवी बुरशी आली तर माल जिवंत. काहीच आलं नाही, किंवा काळं-गुलाबी काही माजलं, तर पाकीट परत करा. यातून संख्या कळत नाही, पण मेलेला माल नक्की कळतो. खरेदी करताना नोंदणी क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख पाहा, शक्य तितका ताजा माल घ्या. परभणी, राहुरी, अकोला इथल्या कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतही ट्रायकोडर्मा तयार होतो. पाकिटावर व्हिरिडी लिहिलं आहे की हार्झियानम (दोन्ही ट्रायकोडर्माच्याच जाती), यावर फार काथ्याकूट नको. व्हिरिडी म्हणून ओळखले जाणारे आपल्याकडचे बरेच वाण जनुकीय तपासणीत अ‍ॅस्परेलम या वेगळ्याच जातीचे निघाले. ताजेपणा नावापेक्षा महत्त्वाचा.

सोयाबीन निघालं की काड आणि कुटार रानाबाहेर. मळणी यंत्राची जागा विशेषतः झाडून घ्यायची. मग वखराच्या पाळ्या. उन्हाळ्यात खोल नांगरट झाली असेल तर मानकुजीच्या गाठी खाली गाडल्या जातात, हा फायदा या घडीला मात्र मिळवता येत नाही.

वाण बदलणं हा ट्रायकोडर्माइतकाच मोठा निर्णय. विजय, दिग्विजय, जाकी ९२१८ हे आपल्याकडचे मरीला प्रतिकारक वाण. घरचं वर्षानुवर्षांचं बी ठिगळांच्या रानातून आलेलं असतं आणि फ्युजारियम बियाण्यातूनही पुढे जाते. रोगाला बळी पडणारा वाण, रोगट रान आणि वर ट्रायकोडर्मा, या गणितात ट्रायकोडर्मा हरणार. प्रतिकारक वाणावर तिचा उरलासुरला भार हलका होतो. या दोन एकरांना जाकी ९२१८ धरू, एकरी ३० किलो, एकूण ६० किलो.

ओलीत उपलब्ध असल्याने पेरणी ऑक्टोबरच्या २० तारखेनंतर. फ्युजारियमला २५ ते २८ अंशांची ऊब आवडते, ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या गरम जमिनीत पेरलं की रोपटं सापळ्यात सापडतं. फार उशीर करायचा नाही, नाहीतर घाटे भरताना ऊन आणि कोरडी मूळकुज गाठते. कोरडवाहू रानाला हा पर्याय नाही, ओल उडण्याआधी पेरावंच लागतं. तिथे वाण आणि काकरातलं खत यांच्यावर भिस्त ठेवायची.

बीजप्रक्रिया पेरणीच्या दिवशी सकाळी, सावलीत. बी बुरशीनाशक न लावलेलं मिळालं तर उत्तम. ६० किलोला ३०० ग्रॅम ट्रायकोडर्मा आणि किलोला २५ ग्रॅमप्रमाणे दीड किलो हरभऱ्याचं रायझोबियम हे जिवाणू खत. साधारण एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ विरघळवून, गार करून घ्या. पाणी एकदम ओतू नका, शिंपडत जा. हरभऱ्याचं टरफल ओलं झालं की सुटतं, मग फावड्याने हलवताना बियाण्याची डाळ होते. आधी ट्रायकोडर्मा, मग रायझोबियम. हाताने किंवा गोणपाटावर चार कोपरे धरून हलवा. फावडं नको. अर्धा-पाऊण तास सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. कोरडी भुकटी हाताळताना नाकाला रुमाल बांधा, दमेकऱ्याने तर हे काम घेऊच नये.

मानकुजीच्या कोपऱ्यामुळे रासायनिक आधार हवाच असेल, तर हरभऱ्यासाठी जुनी, अनेक वर्षं चालत आलेली जोडी म्हणजे किलोला कार्बॉक्सिन हे बुरशीनाशक १ ग्रॅम आणि ट्रायकोडर्मा ४ ग्रॅम. ट्रायकोडर्मा ते कार्बेन्डाझिमपेक्षा बरंच सहन करते. कार्बॉक्सिन आदल्या दिवशी कोरडं चोळून घ्या, जैविक दुसऱ्या दिवशी. आणि बियाणं कंपनीने आधीच रंगवलेलं असेल तर पिशवीवरचं लेबल वाचा. त्यावर कार्बेन्डाझिम असेल तर बियाण्यावर ट्रायकोडर्मा वाया घालवू नका. सगळी भिस्त काकरातल्या शेणखतावर ठेवा.

वाढवलेलं खत काकरात पाडायला दोन चाड्यांची (बी सोडायच्या नरसाळ्यांची) पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, सोयीची. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून चाळलेलं खत. १०० किलो खत १३,५०० मीटरांत गेलं तर मीटरला साडेसात ग्रॅम येतं, म्हणजे साधारण एक चमचा. ओलं खत नळीत अडकतं, म्हणून पेरणीआधी दोन तास सावलीत पसरून हलकं कोरडं करा आणि पुन्हा चाळा. डीएपी याच चाड्यात मिसळू नका. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात खताची पेटी एकच असते, तिथे डीएपी आधीच्या वखर पाळीबरोबर द्या किंवा शेणखत काकरात हाताने टाका. दोन माणसं दोन एकर दिवसभरात करतात, कंटाळवाणं काम आहे खरं.

पेरल्यावर लगेच पाणी नको. ओल असताना वरून तुषार सोडला की कोवळी मान आणि बुरशी यांची गाठ घालून दिल्यासारखं होतं. पहिलं पाणी फांद्या फुटताना, २५-३० दिवसांनी, हलकं.

मोजल्याशिवाय बोलायचं नाही

पेरताना दोन्ही ठिगळांतून जाणारे चार तास ट्रायकोडर्माशिवाय ठेवा. बी तेच, खत तेवढंच, पण न वाढवलेलं. कडेला काठी रोवा. हे चार तास सोडायला शेतकरी तयार नसतो, ‘मुद्दाम का मारायचं’ म्हणून. पण त्यांच्याशिवाय पुढच्या वर्षी पुन्हा खडूची पूड, की औषध, हा वाद तसाच राहतो.

३० बाय १० सेंटिमीटरवर पेरलेल्या तासात १० मीटरला साधारण १०० रोपं असतात. दोरीला १० मीटरवर खूण करा, तासावर धरा, मेलेली आणि मान टाकलेली मोजा. आकडा तोच टक्का. रोपं विरळ उगवली असतील तर सगळी मोजून भागाकार करा. प्रक्रियेच्या भागात पाच जागा, न केलेल्या तासांत पाच. पेरणीनंतर ३० दिवसांनी, ६० दिवसांनी आणि काढणीआधी. समजा न केलेल्या तासांत सरासरी २० आणि केलेल्यांत ८ मेली, तर रोगातली घट (२० − ८) भागिले २०, म्हणजे ६० टक्के. हा नुसता उदाहरणाचा हिशेब, हमी नव्हे. प्रत्येक वेळी दोन-तीन मेलेली रोपं चिरून पाहा आणि वहीत कारण लिहा. ६० दिवसांनंतरचा आकडा वाढला आणि छेदात काळी रेघ नसून मूळ ठिसूळ असेल, तर तो दोष ट्रायकोडर्माच्या खात्यावर टाकू नका, पाण्याच्या पाळीवर टाका.

मधेच ठिगळ दिसलं तर? लोळलेली रोपं उठणार नाहीत. ती मुळासकट काढून रानाबाहेर न्या. ठिगळाच्या कडेच्या हिरव्या रोपांना, भोवतालच्या दोन मीटरपर्यंत, १० लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा ढवळून मुळाशी ओता, संध्याकाळी, जमिनीत ओल असताना. पंपातून काढताना नोजल काढून टाका, शंखजिऱ्याने ते चोंदतं. आधी किंवा नंतर कार्बेन्डाझिम ओतायचं असेल तर दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. खरं तर दोन्हीतलं एकच निवडा.

पहिल्या हंगामात ठिगळं पुसली जातील असं धरू नये. सात-आठ वर्षांत साचलेले बीजाणू एका चमच्याने जात नाहीत. पुढच्या रब्बीत या रानात हरभऱ्याऐवजी ज्वारी किंवा गहू घेतला तर फ्युजारियमचं अन्न एक वर्ष तुटतं, पण बुरशी संपत नाही, म्हणून परतून हरभरा घेताना ढीग पुन्हा घालावा लागेलच. बियाण्यासाठी राखायचं ते काठीच्या चार तासांतलं आणि ठिगळाच्या कडेचं नको. ते आधी काढून बाजारात विका आणि बी रानाच्या निरोगी बाजूने, वेगळ्या पोत्यात भरा.